कागद गोळा करण्याच्या दिवसाआधी

‘घरचे जुने कागद घेऊन या, स्कॅन करून लगेच परत देऊ’ असा दिवस अमेरिकेतली सार्वजनिक वाचनालयं आफ्रिकन-अमेरिकन वस्त्यांमध्ये ठेवतात. तुम्ही तिथे स्वयंसेवक म्हणून नाव दिलं असेल, तर सगळ्यांची चर्चा स्कॅनरवरच चाललेली दिसेल. पण स्कॅनर हा यातला सर्वांत सोपा भाग.

आधी काय मागायचं ते ठरवा. ‘ऐतिहासिक दस्तऐवज आणा’ असं पत्रकावर छापलंत, तर आमच्याकडे कसला आलाय इतिहास म्हणून निम्मी माणसं घरीच बसतील. वस्तूंची नावं लिहा: चर्चच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिका, फ्युनरल होमची (अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या दुकानाची) जाहिरात छापलेले पुठ्ठ्याचे हातपंखे, शाळेच्या पदवीदानाची निमंत्रणं, केशकर्तनालयाची कार्डं, निवडणुकीची पत्रकं, नाचगाण्याची तिकिटं. आणि सर्वांत वर, ठळक अक्षरांत, फ्युनरल प्रोग्रॅम, म्हणजे अंत्यविधीच्या वेळी चर्चमध्ये वाटतात त्या चार-आठ पानी पुस्तिका.

या पुस्तिकांसाठी वेगळं टेबल हवं. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलाम माणसं मालकाच्या नावाखाली वय, लिंग आणि वर्ण एवढ्यावरच नोंदली गेली, नाव क्वचितच. दक्षिणेतल्या बहुतेक काळ्या माणसांची नावं जनगणनेत आली ती १८७० साली. त्यानंतरही गोऱ्यांची वर्तमानपत्रं काळ्या माणसाच्या मृत्यूची बातमी कित्येक दशकं एक तर छापत नसत, नाहीतर कुठल्यातरी कोपऱ्यात वेगळी टाकत. त्यामुळे जन्मगाव, आईवडील, कुठल्या चर्चची मंडळी, नोकरी कुठे केली, मागे कोण उरलं, खांदा कोणी दिला, दफन कुठे झालं, हे सगळं एकत्र सापडतं ते या पुस्तिकेतच. अटलांटाच्या ऑबर्न अव्हेन्यू संशोधन वाचनालयातल्या अशा प्रोग्रॅमची ११,५०० हून अधिक पानं आता ऑनलाइन बघता येतात. आदल्या दिवशी त्यातली दोन-चार नीट वाचून जा. मुखपृष्ठ आणि मृत्युलेख स्कॅन करून मागचं पान सोडून देण्याचा मोह होतो; खांदेकऱ्यांची नावं बहुधा तिथेच असतात.

बोलायचं कसं, याचीही तयारी लागते. समोरच्या आजींना ‘मिसेस’ किंवा ‘मिस’ लावूनच हाक मारा. अमेरिकन मोकळेपणा म्हणून थेट नावावर येऊ नका. दक्षिणेत गोरे लोक काळ्या प्रौढांना मुद्दाम नुसत्या नावाने हाक मारत. अलाबामाच्या कोर्टात वकील नुसतं ‘मेरी’ म्हणाला, तेव्हा नागरी हक्कांच्या कार्यकर्त्या मेरी हॅमिल्टन ‘मिस हॅमिल्टन’ म्हटल्याशिवाय उत्तर देणार नाही म्हणून अडून बसल्या. कोर्टाने बेअदबीची शिक्षा दिली. १९६४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. ज्यांना हे सोसावं लागलं त्यांपैकी कोणी त्या दिवशी तुमच्या समोर बसलेलं असू शकतं.

टेबलावर पेन नको, पेन्सिल हवी. कागदाला पांढरे हातमोजे नकोत, बोटांना अंदाज राहत नाही आणि पान फाटतं. धुऊन कोरडे केलेले हात पुरेत. फोटोंना मात्र नायट्रिलचे (पातळ रबरी) हातमोजे घाला. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन अजिबात नाही. लॅमिनेट केलेला कागद पुन्हा मोकळा होत नाही. वर्तमानपत्राचं कात्रण वेगळ्या पाकिटात ठेवा, त्यातलं आम्ल शेजारच्या कागदालाही तांबूस करतं. बुरशी लागलेला खोका हॉलमध्ये आणूच नका. स्कॅन करताना फोटो ६०० डीपीआयला (इंचामागे ६०० ठिपके), छापील कागद ४०० ला, टिफ (दर्जा न घटवणाऱ्या) फाइलमध्ये. चहा-कॉफी दुसऱ्या खोलीत.

एका भिंतीवर वस्तीचा जुना नकाशा लावा, सॅनबॉर्न कंपनीचे आगविम्यासाठी काढलेले मिळाले तर फारच छान, त्यात घरन्‌घर दिसतं. सेंट पॉलमधलं रोंडो, डरहॅममधलं हेटाय, न्यू ऑर्लीन्समधला क्लेबोर्न अव्हेन्यू, सगळीकडे महामार्ग काळ्यांच्या वस्तीच्या मधून गेला. त्यामुळे निमंत्रणावरचा पत्ता आजच्या नकाशात सापडत नाही. जुन्या नकाशासमोर माणसं बोट ठेवून सांगू लागतात: इथे न्हाव्याचं दुकान, इथे आमची शाळा. फोनवर रेकॉर्डिंग सुरू ठेवा, पण विचारून.

संमतीपत्र एका पानाचं, साध्या भाषेत. मूळ कागद मागू नका. कुणी आपणहून दिला तर त्याचा देणगीचा करार वेगळा. संस्थांनी पूर्वी हे कागद विचारले नव्हते, ते घरच्यांनी आणि हौशी संग्राहकांनी सांभाळले. आर्तुरो शॉमबर्ग बँकेच्या टपाल विभागात नोकरी करत. त्यांनी जमवलेला संग्रह १९२६ साली कार्नेगी कॉर्पोरेशनच्या १०,००० डॉलरमधून न्यूयॉर्क सार्वजनिक वाचनालयाच्या, हार्लेममधल्या १३५व्या रस्त्यावरच्या शाखेसाठी विकत घेतला गेला. तेव्हा लोकांनी जरा हात राखून दिलं तर रागवायचं कारण नाही. प्रत देण्यासाठी पेनड्राइव्ह हवे तेवढे घ्या. अलीकडच्या प्रोग्रॅममध्ये हयात नातवंडांची नावं आणि घरचे पत्ते असतात. ते ऑनलाइन टाकायचे की नाही, हे संमतीपत्रावरच विचारा.

वर्गीकरण आधीच ठरवा. हॉवर्ड विद्यापीठाच्या ग्रंथपाल डोरोथी पोर्टर यांना दिसलं की काळ्या लेखकांची पुस्तकं ग्रंथालयं सरसकट ‘गुलामगिरी’ नाहीतर ‘वसाहतीकरण’ या विषयांच्या वर्गीकरण-क्रमांकांखाली ढकलतात. त्यांनी ती विषयवार लावली. तुमच्याकडेही ‘इतर’ नावाचा फोल्डर तयार होईलच. तो पहिल्या दिवसापासून बंद ठेवा. चर्च, शाळा, धंदा, गल्ली अशी नावं द्या आणि फाइलींना त्याच संध्याकाळी, आठवण ताजी असताना, नाव घाला.