जुना फ्लॅट कर्जावर घेताय? आधी ऑडिट रिपोर्ट मागा

मुंबईत तीस वर्षांहून जुन्या इमारतीत घर घेताना टोकन देण्याआधी सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, रिपोर्ट मागाच. त्यात इमारत किती धोकादायक आहे त्यानुसार तिचा वर्ग दिलेला असतो. सी-१ म्हणजे इमारत रिकामी करून पाडायची. तिथे गृहकर्जाची आशा नकोच. सी-२ मध्ये मोठी दुरुस्ती लागते. अशा वेळी बँकेचा व्हॅल्युअर किंमत कमी धरू शकतो, मग कर्जही कमी बसतं आणि फरक आपल्या खिशातून जातो. स्लॅब, कॉलमच्या दुरुस्तीची सोसायटीची वर्गणी वेगळीच! ती कोण भरणार, विकणारा की तुम्ही, हे करारातच लिहून घ्या. घरातल्या दुरुस्तीसाठी बँका वेगळं होम इम्प्रूव्हमेंट लोन देतात; पर्सनल लोनपेक्षा त्याचं व्याज सहसा कमी असतं.