प्राइड पदयात्रेत तिरंगा: काय करावे, काय टाळावे

प्राइड पदयात्रेचे, म्हणजे समलिंगी आणि इतर लैंगिक अल्पसंख्याकांच्या अभिमान-यात्रेचे, फलक तयार करायला गट बसला, की एक कल्पना बहुधा पुढे येतेच: इंद्रधनुष्याचे सहा पट्टे घ्यावेत आणि मधोमध अशोकचक्र काढावे. त्यामागची ‘आम्हीही याच देशाचे’ ही भावना प्रामाणिक असते. तरीही ती कापडावर उतरवण्यापूर्वी कायदा आणि लोकभावना या दोन्हींचा वेगवेगळा विचार करावा, कारण कायद्याने चालणारी प्रत्येक गोष्ट लोकांना रुचते असे नाही आणि लोक सहज खपवून घेतात त्या काही गोष्टी कायद्यात मुळीच बसत नाहीत.

राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानास प्रतिबंध करणाऱ्या १९७१ च्या कायद्यात ध्वजाची व्याख्या व्यापक आहे. कोणत्याही पदार्थावरचे ध्वजाचे चित्र, छायाचित्र, इतकेच नव्हे तर ध्वजाच्या एखाद्या भागाची दृश्य प्रतिकृतीही तीत येते. ध्वजावर अक्षरे लिहिणे, तो कमरेखालच्या पोशाखात वापरणे, गाडीच्या टपावर किंवा बाजूंवर पसरणे हे सारे अवमानात मोडते आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची आहे. म्हणून तिरंग्याच्या केशरी पट्ट्यावर घोषणा लिहू नये, सजवलेल्या टेम्पोला तिरंगा गुंडाळू नये आणि सादरीकरणासाठी तिरंग्याचा घागराही शिवू नये, मग तो कितीही देखणा दिसो.

न्यायालये हेतू पाहतात, हे खरे. तिरंगा आणि अशोकचक्र काढलेला नाताळचा केक कापल्याबद्दल कोइंबतूरमध्ये झालेली तक्रार मद्रास उच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये रद्द केली. तो निकाल न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांचा, आणि त्याच वर्षी जूनमध्ये समलिंगी जोडप्याच्या संरक्षणाचा गाजलेला आदेशही त्यांनीच दिला, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. पण केक २०१३ च्या नाताळातला होता, हेही विसरू नये. अखेरीस निर्दोष ठरण्यासाठी इतकी वर्षे तारखांना जाण्याची तयारी आयोजकांच्या किती कार्यकर्त्यांची असते?

अशोकचक्र एकटे वापरले तरी प्रश्न सुटत नाही. १९५० च्या बोधचिन्हे व नावे कायद्यानुसार व्यापारी कामासाठी त्याचा वापर निषिद्ध आहे, त्यामुळे निधी उभारण्यासाठी विकायच्या टी-शर्टवर ते छापू नये. सिंहशीर्षाच्या राजमुद्रेला तर हातच लावू नये, कारण तिच्यासाठी २००५ चा स्वतंत्र कायदा आहे. देश आणि इंद्रधनुष्य एकाच चित्रात हवेच असतील, तर सहा रंगांनी भरलेला भारताचा नकाशा हा माझ्या मते सर्वांत बरा मार्ग. मात्र सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी ताडून पाहाव्यात. इंटरनेटवरून उचललेल्या नकाशात जम्मू-काश्मीर बऱ्याचदा चुकलेले असते आणि चुकीचा नकाशा छापणे हादेखील गुन्हाच आहे.

तिरंगा तिरंगा म्हणूनच न्यायचा असेल, तर काहीच अडचण नाही. सन्मानाने राष्ट्रध्वज फडकवणे हा अभिव्यक्तीच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने उद्योजक नवीन जिंदल यांच्या प्रकरणात २००४ मध्ये स्पष्ट केले आहे. तिरंगा आणि इंद्रधनुषी ध्वज वेगवेगळ्या काठ्यांना लावावेत. चालताना तिरंगा रांगेच्या उजव्या टोकाला किंवा ध्वजांच्या ओळीपुढे मध्यभागी असावा, आणि दुसरा कोणताही ध्वज त्याच्याहून उंच नसावा. फाटका किंवा मळका ध्वज नेऊ नये. कागदी झेंडे वाटले, तर पदयात्रा संपताच ते गोळा करण्याची जबाबदारी नाव घेऊन कोणावर तरी सोपवावी, कारण विरोधकांचा कॅमेरा नेमका रस्त्यावर पडलेल्या झेंड्यावर जातो.

आता लोकांच्या प्रतिक्रियेविषयी. आक्षेप घेणाऱ्याला ध्वजातला बदल खुपतो की समलिंगी माणसेच खुपतात, हे आधी ओळखावे. त्यासाठी एक साधा प्रश्न पुरतो: क्रिकेटच्या सामन्यात प्रेक्षक तिरंग्यावर आपल्या गावाचे नाव लिहून तो फडकवतात, ते आपल्याला चालते का? ‘तेही चालत नाही’ असे म्हणणाऱ्याचा आक्षेप खरा आहे, आणि त्याला अखंड तिरंगा दाखवून उत्तर देता येते. ज्याला ते चालते, त्याच्याशी ध्वजसंहितेवर वाद घालण्यात वेळ दवडू नये, त्याचा विषय वेगळा आहे.

राष्ट्रचिन्ह आणि इंद्रधनुष्य एकत्र आले की वेगवेगळ्या प्रतिक्रिया उमटतात, हे आपल्याकडेच घडते असे नाही. पोलंडमध्ये २०१८ साली चेन्स्तोहोवा शहरातील समता पदयात्रेत इंद्रधनुष्यावर पांढरा गरुड झळकला, तेव्हा गृहमंत्र्यांनीच त्याला राष्ट्रचिन्हाची विटंबना ठरवले. उलट दक्षिण आफ्रिकेत देशाचा ध्वज आणि इंद्रधनुष्य एकत्र गुंफून २०१० मध्ये समलिंगी समाजाचा ध्वज तयार झाला. तिथल्या १९९६ च्या राज्यघटनेत लैंगिक कलावरून भेदभाव करण्यास स्पष्ट मनाई आहे आणि आर्चबिशप डेस्मंड टुटूंनी देशालाच ‘इंद्रधनुषी राष्ट्र’ म्हटले होते, त्यामुळे ते चित्र अनेकांना परके वाटले नसावे.

शेवटी, विरोध आतूनही येऊ शकतो. पदयात्रेत कोणी आंबेडकरांची प्रतिमा घेऊन येतात, कोणाला राष्ट्रचिन्हे मुळीच नको असतात, आणि कोणाला तिरंग्याशिवाय आपण अपूर्ण आहोत असे वाटते. यासाठी नियोजनाच्या बैठकीतच ठरवावे की तिरंगा ऐच्छिक राहील, तो न धरणाऱ्याला कोणी जाब विचारणार नाही आणि धरणाऱ्याची कोणी टिंगल करणार नाही. हा निर्णय स्वयंसेवकांच्या सूचनापत्रात लेखी द्यावा, आणि ध्वजाबाबत पोलिसांनी काही विचारल्यास कोण बोलणार, त्या एका व्यक्तीचे नावही त्याच पत्रात असावे.