एका व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरवरून दुसऱ्यावर कसं जावं

एका सॉफ्टवेअरवर हात बसलेला असला की दुसरं उघडल्यावर साधा कट मारायलाही बटण शोधावं लागतं. पहिले काही तास वैतागाचे जातातच. पण कुठला शॉट किती वेळ ठेवायचा आणि पुढच्या दृश्याचा आवाज आधीच कुठे सुरू करायचा, ही समज तुमच्याकडेच राहते. नव्याने शिकायचं ते त्यामानाने थोडं असतं.

१. संपवलेलं काम पुन्हा करा

नवं सॉफ्टवेअर नव्या कामावर शिकू नका. पूर्वी एडिट केलेला दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ निवडा आणि मूळ क्लिप्स घेऊन तोच नव्या ठिकाणी पुन्हा बांधा. कुठे कापायचं हे आधीच ठरलेलं असल्याने डोक्यात एकच प्रश्न उरतो : हे इथे कसं करतात? माझ्या मते या लेखातली सगळ्यात कामाची पायरी हीच.

जुना तयार व्हिडिओ टाइमलाइनच्या सर्वांत वरच्या ट्रॅकवर ठेवून त्याचा ब्लेंड मोड (खालच्या चित्रात मिसळण्याची पद्धत) ‘डिफरन्स’ करा. चित्रं जुळतील तिथे स्क्रीन जवळजवळ काळी दिसेल. कट एका फ्रेमने जरी सरकला असेल, तरी तिथे चित्र उमटेल. चूक शोधायला याहून सोपी युक्ती नाही.

२. आधी फ्रेम रेट ठरवा

डाविंची रिझॉल्व्हमध्ये टाइमलाइनवर क्लिप्स आल्या की तिचा फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, हे बदलता येत नाही. म्हणून फुटेज २५ चं आहे की ३० चं, हे सुरुवातीलाच पाहा. मोबाइलवरच्या शूटिंगमध्ये फ्रेम रेट बऱ्याचदा कमी-जास्त होत राहतो आणि मग आवाज ओठांशी जुळत नाही. असं फुटेज आधी स्थिर फ्रेम रेटमध्ये बदलून घ्या.

३. डिलीट नीट समजून घ्या

चालवण्या-थांबवण्यासाठी जे, के, एल आणि इन-आउटसाठी (हव्या त्या भागाची सुरुवात आणि शेवट खुणावायला) आय, ओ ही बटणं बहुतेक ठिकाणी सारखीच असतात. घोळ होतो तो क्लिप काढताना.

प्रीमिअर प्रोमध्ये डिलीट दाबल्यावर क्लिप जाते आणि जागा रिकामी राहते. ती जागाही मिटवायची तर रिपल डिलीट करावं लागतं. रिझॉल्व्हमध्ये बॅकस्पेसने जागा रिकामी राहते, तर डिलीटने मागच्या क्लिप्स पुढे सरकतात. प्रीमिअरच्या सवयीने इथे डिलीट दाबत गेलात, तर टाइमलाइन कधी सरकली ते कळतही नाही.

फायनल कट प्रो फक्त ॲपलच्या उपकरणांवर चालतं आणि त्याचा विचारच वेगळा आहे. २०११ पासून त्यात मॅग्नेटिक टाइमलाइन आहे : मुख्य क्लिप्स एकमेकींना चिकटून राहतात, एक काढली की जागा आपोआप मिटते. वर जोडलेला शॉट किंवा खाली जोडलेलं संगीत मुख्य क्लिपला बांधलेलं असतं आणि तिच्याबरोबरच हलतं. ट्रॅकची सवय असलेल्यांना हे सुरुवातीला जाचतं. तरी काही दिवस पोझिशन टूल (मधे जागा सोडून क्लिप हवी तिथे ठेवू देणारं साधन) वापरून ट्रॅकसारखं वागवण्याचा मोह आवरा. जोडलेल्या क्लिप्सची पद्धत अंगवळणी पडली की कथेचा क्रम बदलून बघणं फार सोपं होतं.

४. शॉर्टकट

रिझॉल्व्हच्या कीबोर्ड कस्टमायझेशनमध्ये प्रीमिअर, फायनल कट आणि अ‍ॅव्हिडचे तयार संच मिळतात. काम तातडीचं असेल तर जुना संच लावा. एरवी मूळचेच शॉर्टकट शिका, कारण शिकवणारे बहुतेक व्हिडिओ त्यांवरच असतात.

५. अर्धवट प्रोजेक्ट हलवायचाच असेल तर

टाळता आलं तर टाळा. नाइलाज असेल तर टाइमलाइनची प्रत काढून त्या प्रतीवर काम करा. प्रीमिअरमधून फायनल कट प्रो एक्सएमएल (टाइमलाइनची मांडणी दुसऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येईल अशी फाइल) एक्सपोर्ट करा आणि रिझॉल्व्हमध्ये टाइमलाइन म्हणून इम्पोर्ट करा. नावात फायनल कट असलं, तरी हा जुन्या फायनल कटचा फॉरमॅट आहे. आजचं फायनल कट एफसीपीएक्सएमएल वापरतं. रिझॉल्व्हला दोन्ही वाचता आणि लिहिता येतात, त्यामुळे प्रीमिअर आणि फायनल कट यांच्यामधला पूल म्हणूनही ते कामी येतं.

कट आणि क्लिप्सचा क्रम सहसा नीट पोहोचतो. टायटल्स, बाहेरून घेतलेले प्लगइन, प्रीमिअरच्या ल्युमेट्री या रंगांच्या साधनातलं रंगकाम आणि कमी-जास्त होणारा वेग यांचा भरवसा धरू नका. अ‍ॅनिमेटेड टायटल्स पारदर्शक पार्श्वभूमीसह प्रोरेस ४४४४ या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये रेंडर करून न्या. मूळ फाइल्सची नावं बदलू नका, नाहीतर एकेक क्लिप पुन्हा जोडत बसावं लागेल.

६. जुनं बंद करण्याआधी

वर्गणीवर चालणारं सॉफ्टवेअर सोडत असाल, तर वर्गणी चालू असतानाच प्रत्येक महत्त्वाच्या प्रोजेक्टचा उत्तम दर्जाचा व्हिडिओ आणि एक्सएमएल काढून ठेवा. रिझॉल्व्हचा प्रोजेक्ट एरवी डेटाबेसमध्ये राहतो, म्हणून त्याचा बॅकअप घेताना प्रोजेक्ट वेगळा एक्सपोर्ट करावा लागतो. त्या फाइलमध्ये फुटेज नसतं. ते स्वतंत्र जपा.