मित्रमैत्रिणींसोबत नाताळात युरोप: या चुका टाळा

पहिली चूक तिकीट काढतानाच होते. ऑफिसची सुट्टी नाताळ ते नवीन वर्ष अशी मिळते, म्हणून तिकीटही त्याच तारखांचं निघतं. आमचंही तसंच झालं. साताऱ्याच्या शाळेतल्या आम्ही चौघी पुणे, ठाणे आणि कोल्हापूरहून येऊन मुंबईला एकत्र जमलो. पाचवी म्युनिकला नोकरी करते, ती व्हिएन्नात येऊन मिळणार होती. २३ डिसेंबरला बुडापेस्ट, २७ ला व्हिएन्ना, ३० ला प्राग आणि २ जानेवारीला परत, असा बेत. डोळ्यांसमोर चित्र एकच होतं, ख्रिसमस मार्केटचं: दिव्यांच्या माळा, लाकडी टपऱ्या आणि हातात वाफाळता कप.

२७ ला संध्याकाळी व्हिएन्नाच्या राटहाउससमोर, म्हणजे नगरभवनासमोर, पोचलो, तर माणसं टपऱ्यांच्या फळ्या वेगळ्या करून ट्रकमध्ये चढवत होती. जमिनीवर सूचिपर्णी झाडांच्या काड्या पडल्या होत्या, त्यांचा वास तेवढा राहिला होता. तिथला बाजार २६ डिसेंबरला संपतो.

ख्रिसमस मार्केट हा मुळात नाताळच्या आधीच्या चार आठवड्यांचा, म्हणजे ॲडव्हेंटचा बाजार. आपल्याकडे मखरांची दुकानं चतुर्थीनंतर कुठे दिसतात? तसंच आहे ते. न्यूरेंबर्गचा प्रसिद्ध बाजार आणि म्युनिकचा मारीनप्लाट्झचा बाजार २४ डिसेंबरला आवरतात, कोलोन कॅथीड्रलचा तर २३ लाच. व्हिएन्नात राटहाउस आणि स्टेफान्सप्लाट्झ २६ पर्यंत चालतात, शॉनब्रुन राजवाड्यासमोरचा मात्र अलीकडच्या वर्षांत ६ जानेवारीपर्यंत असतो. प्रागच्या जुन्या शहरातल्या चौकातला बाजारही ६ जानेवारीपर्यंत असतो, आणि बुडापेस्टचा व्योरोश्मार्ती चौकातला वर्ष संपेपर्यंत. म्हणजे सुट्टी नाताळानंतरचीच मिळत असेल, तर जर्मनी सोडा आणि शहरांचा क्रम नीट लावा. व्हिएन्ना आधी, प्राग शेवटी. आम्ही नेमकं व्हिएन्ना मध्ये घातलं. आणि रजा पुढेमागे करता येत असेल, तर मी डोळे झाकून डिसेंबरचा पहिला पंधरवडा सांगेन. विमानाचं तिकीट त्या दिवसांत स्वस्त पडतं आणि सगळं उघडं असतं.

कारण थंडीची तयारी आपण करून जातो, बंद दारांची करत नाही.

२४ डिसेंबरची संध्याकाळ

आपल्याकडे सण म्हणजे रस्त्यावर गर्दी. तिथे २४ ची संध्याकाळ म्हणजे सगळे घरात. हंगेरीत २०२४ पासून हा दिवस अधिकृत सुट्टीचा झाला आहे. त्या दिवशी दुपारनंतर बुडापेस्टच्या ट्राम आणि मेट्रो हळूहळू थांबतात आणि रात्री मोजक्याच बस उरतात. व्हिएन्नातही २४ ला दुपारी दुकानं बंद झाली की २५ आणि २६ दोन्ही दिवस सुट्टी. त्यात रविवार आला तर तिसरा दिवसही गेला, कारण ऑस्ट्रियात रविवारी सुपरमार्केट बंद असतात. मोठ्या रेल्वे स्टेशनांतली काही उघडी असतात, तेवढाच आधार. चेक प्रजासत्ताकात तर कायदाच आहे: मोठी दुकानं २४ ला दुपारी बारापर्यंतच, आणि २५, २६ व १ जानेवारीला पूर्ण बंद.

म्युनिकच्या मैत्रिणीने ग्रुपवर लिहिलं होतं, "अगं, २४ ला दुपारच्या आत तीन दिवसांचं खायचं भरून ठेवा." तो निरोप विमानतळावरच्या फोटोंखाली गेला आणि कोणीच वाचला नाही. संध्याकाळी पाचला आम्ही डॅन्यूबच्या काठी दोन नंबरच्या ट्रामच्या थांब्यावर उभ्या होतो. समोर पार्लमेंटची इमारत सोन्यासारखी उजळलेली, नदीवर वारा, आणि ट्राम येतच नव्हती. शेवटी पन्नास मिनिटं चालत अपार्टमेंटवर आलो. पिशवीत एक ब्रेडचा लांबडा पुडा, सहा केळी आणि कोल्हापूरच्या मैत्रिणीने आणलेलं मेतकूट. तांदळाचा एक डबा आधीच्या पाहुण्यांनी ओट्यावर सोडला होता. मेतकूट-भात खाऊन झोपलो. तिघींनी तिला त्या रात्री मनापासून दुवा दिला.

तुमच्यावर ही वेळ आलीच, तर दोन ठिकाणं पाहा: मोठं रेल्वे स्टेशन, आणि तुर्की किंवा आशियाई लोकांची छोटी उपाहारगृहं. हॉटेलात राहत असाल तर तिथल्या रेस्टॉरंटचं त्या रात्रीचं टेबल आधीच राखून ठेवा.

अंधाराचंही गणित आधी मांडायला हवं. डिसेंबरच्या शेवटी बुडापेस्टमध्ये चारच्या आत सूर्य मावळतो, प्राग आणि व्हिएन्नात चारच्या सुमारास. प्रागला सकाळी आठपर्यंत सूर्य उगवत नाही. पाच जणी, एक बाथरूम, सगळ्यांचा चहा, मग निघायला अकरा. उरले पाच तास. म्हणून पूल, किल्ले, टेकड्या दुपारी तीनच्या आत आणि संग्रहालयं, कॅफे, चर्चमधली संगीताची मैफल अंधार पडल्यावर, असं वाटून टाका. बंद दिवसही तपासा: बुडापेस्टचं पार्लमेंट २४ ते २६ डिसेंबर आणि १ जानेवारीला बंद असतं, एरवीही आतल्या फेरीचं तिकीट बरंच आधी काढावं लागतं. प्रागच्या किल्ल्यातली दालनं २४ ला बंद. प्रागचं ज्यू संग्रहालय दर शनिवारी बंद. शॉनब्रुन राजवाडा मात्र वर्षाचे सगळे दिवस उघडा असतो, म्हणून तो सणाच्या दिवसासाठी राखून ठेवा.

बॅग आली नाही तर

२३ च्या रात्री बुडापेस्टच्या विमानतळावर पट्टा फिरून फिरून थांबला आणि आमच्या चारपैकी दोन बॅगा आल्याच नाहीत. मधल्या विमानतळावर विमान बदलायला सत्तर मिनिटं होती. आम्ही धावत पोचलो, बॅगा पोचल्या नाहीत. ठाण्याच्या मैत्रिणीचे थर्मल आणि बूट त्यातल्या एका बॅगेत होते आणि पायात जाळीचे स्पोर्ट्स शूज. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानं बंद होणार होती.

हिवाळ्यात धुकं, बर्फ आणि विमानाच्या पंखांवरचा बर्फ काढणं यात वेळ जातो. त्यातच १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर पासपोर्टवरच्या शिक्क्याच्या जागी संगणकीय नोंदीची पद्धत सुरू झाली आहे, पहिल्यांदा जाणाऱ्याचा रांगेतला वेळ त्यामुळे वाढू शकतो. विमान बदलायला किमान तीन तास ठेवा. जाड जॅकेट आणि बूट अंगावर घालूनच निघा, मुंबईत घाम आला तरी चालेल. औषधं आणि एक थर्मलचा जोड हातातल्या बॅगेत. मैत्रिणींच्या सहलीचा एक फायदा इथे घेता येतो: सगळ्यांचे कपडे सगळ्या बॅगांत थोडेथोडे वाटून भरा. एक बॅग हरवली तरी कोणी उघडी पडत नाही.

बॅग नाहीच आली, तर विमानतळाच्या बाहेर पडायच्या आधी तिथल्या काउंटरवर लेखी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. नंतर फोनवर सांगू म्हणाल तर फार अवघड जातं. तातडीने घेतलेल्या मोज्यांपासून टूथब्रशपर्यंत प्रत्येक पावती जपून ठेवा. उशिरा मिळालेल्या बॅगेच्या भरपाईसाठी बॅग हातात आल्यापासून २१ दिवसांच्या आत लेखी मागणी करावी लागते. आमच्या बॅगा २६ ला आल्या, पावत्या होत्या म्हणून खर्च वसूल झाला.

विमानच रद्द झालं तर? युरोपियन युनियनमधून सुटणाऱ्या विमानाला तिथला कायदा लागू होतो. हवामानामुळे रद्द झालं तर रोख भरपाई मिळत नाही, पण जेवण आणि रात्र काढावी लागली तर हॉटेल देणं कंपनीवर बंधनकारक आहे. हे काउंटरवर मागा. न मागणाऱ्याला कोणी आपणहून देत नाही.

कपडे, आणि त्याहून जास्त बूट

इथून जाताना सगळ्यांनी एकेक भलंमोठं जॅकेट घेतलं आणि आत साधा टी-शर्ट. बाहेर शून्याच्या आसपास, आत दुकानात बावीस अंश, ट्राममध्ये गर्दी. सुती कपडा घामाने भिजतो, बाहेर आलं की तोच ओला कपडा अंगाला गार लागतो आणि हुडहुडी भरते. अंगालगत थर्मल, त्यावर फ्लीस किंवा लोकरीचा स्वेटर, सर्वांत वर वारा आणि पाणी अडवणारं जॅकेट, असे तीन थर ठेवा. आत गेलं की जॅकेट काढायचं. बहुतेक संग्रहालयांत ते कोटघरात ठेवावंच लागतं, म्हणून पासपोर्ट जॅकेटच्या खिशात ठेवू नका.

बुटांवर मात्र पैसे वाचवू नका. प्रागच्या जुन्या भागात सगळीकडे दगडी फरसबंदी आहे. तिच्यावर पाऊस पडून रात्री गोठला की काचेसारखा पातळ थर बसतो, तो दिसतही नाही. पाणी न शिरणारे, रबरी खाचांच्या तळव्याचे, घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट हवेत, लोकरी मोजा मावेल इतके सैल. घट्ट बुटात जाड मोजा घातला तर रक्त नीट फिरत नाही आणि पाय उलट जास्त गारठतात. हे बूट घरी आठवडाभर वापरून मग न्या. चालताना पावलं छोटी टाका आणि हात खिशाबाहेर ठेवा. थंडीत मोबाईलची बॅटरी भराभर उतरते, फोन आतल्या खिशात ठेवला की टिकते.

बुडापेस्टच्या सेचेनी स्नानगृहात जाणार असाल तर घरातल्या रबरी चपला न विसरता न्या. १९१३ मध्ये सुरू झालेलं हे स्नानगृह. उघड्या आकाशाखाली गरम पाणी, वाफेतून दिसणाऱ्या पिवळ्या भिंती. सुख आहे ते. पण कपडे बदलायच्या खोलीपासून हौदापर्यंतची गार फरशी अनवाणी ओलांडताना डोळ्यांत पाणी येतं. गेलेर्ट या दुसऱ्या स्नानगृहाचं नाव जुन्या याद्यांत दिसेल, ते ऑक्टोबर २०२५ पासून दुरुस्तीसाठी बंद आहे.

व्हिसा आणि गाड्या

शेंगेन व्हिसा, म्हणजे या तिन्ही देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, ज्या देशात सर्वांत जास्त दिवस राहणार त्याच देशाकडे मागायचा, दिवस सारखे असतील तर जिथे आधी उतरणार त्या देशाकडे. "लवकर अपॉइंटमेंट मिळते" म्हणून भलत्याच देशाकडे अर्ज करणं, ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, प्रौढांची फी ९० युरो आहे, आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. ग्रुपमधल्या सगळ्यांची हॉटेलं, तारखा आणि क्रम प्रत्येकीच्या कागदांत तंतोतंत सारखा असू द्या.

गाडीचं तिकीट म्हणजे बसायची जागा, हा आपला समज तिथे चालत नाही. बुडापेस्ट-व्हिएन्ना गाडीत साध्या तिकिटावर चढता येतं, पण जागा राखायची तर वेगळे थोडे युरो भरावे लागतात. आम्ही भरले नाहीत आणि २७ ला दोन तास चाळीस मिनिटं दाराजवळ बॅगांवर टेकून काढली. स्टेशनचं नावही नीट पाहा: बुडापेस्टला केलेती, न्युगती आणि देली अशी तीन मोठी स्टेशनं आहेत. शहरातलं कागदी तिकीट काढलं की ते यंत्रात घालून शिक्का उमटवावा लागतो. खिशातलं कोरं तिकीट दंडाच्या दृष्टीने नसल्यासारखंच.

पैसे आणि मैत्री

तीन देश, तीन चलनं: फोरिंट, युरो, कोरुना. कार्ड चालवताना यंत्र "रुपयांत भरायचे का" असं विचारतं. नेहमी तिथलं चलन निवडा, रुपयांचा दर तोट्याचा असतो. एटीएम बँकेचंच वापरा. प्रागमध्ये पैसे बदलून घेताना फसल्यासारखं वाटलं, तर २०१९ पासूनच्या कायद्याने तीन तासांच्या आत व्यवहार रद्द करता येतो, म्हणून पावती टाकू नका.

आपसात टीटीएमएम म्हणायला सोपं, पण ट्रामच्या पासापासून बाजारातल्या कपच्या अनामतीपर्यंत रोज वीस खर्च निघतात. रोजच्या प्रवासाचा आणि किराण्याचा एक समाईक गल्ला, तो एकीकडे, आणि बाकी ज्याचं त्याने. आम्ही हे तिसऱ्या दिवशी ठरवलं, त्याआधी दोन रात्री हिशेबावरून आवाज चढले होते. आणखी एक ठरवा: दिवसातले दोन-तीन तास प्रत्येकीने आपल्या मनाने घालवायचे. एकीला चित्रं बघायची असतात, दुसरीला नुसतं कॅफेत बसायचं असतं, आणि दोघींना पाचजणींच्या मागे फरपटवलं की भांडण होतंच. अपार्टमेंट असेल तर व्हिएन्नात रात्री दहा ते सहा शांततेची वेळ आहे, शेजारी तक्रार करतात.

शाकाहारी असाल तर सूपबद्दल नक्की विचारा. नुसत्या बटाट्याच्या सूपमध्येही बेकन असतं. बुडापेस्टचा लांगोश मात्र आपल्याला लगेच आवडतो: भटुऱ्यासारखी तळलेली पोळी, वर लसूण, आंबट साय आणि चीज. प्रागला तळलेलं चीज, व्हिएन्नाला रस्त्यावर भाजलेले चेस्टनट. घरून चिवडा, भाकरवडी, मेतकूट न्या. दूध, तूप, पनीर आणि मांसाचे पदार्थ मात्र युरोपियन युनियनमध्ये बाहेरून नेता येत नाहीत. औषधांची चिठ्ठी जवळ ठेवा. साधी तापाची गोळीही ऑस्ट्रियात फार्मसीतच मिळते. सुट्टीच्या दिवशी बंद फार्मसीच्या दारावर जवळच्या चालू फार्मसीचा पत्ता लावलेला असतो.

बर्फाचं शेवटी सांगते, कारण बहुतेकींना तोच हवा असतो. डिसेंबरमध्ये या तिन्ही शहरांत बर्फ पडेलच असं नाही, बरेचदा नुसता राखाडी पाऊस असतो. शहरात वाट बघत बसू नका. व्हिएन्नाहून सव्वा तासाच्या आसपास गाडीने सेमेरिंगला जा. १८५४ मध्ये पूर्ण झालेला हा डोंगरी रेल्वेमार्ग जागतिक वारशात आहे, आणि घाट साधारण हजार मीटर उंचीवर आहे. आम्ही २९ ला सकाळी आठची गाडी पकडली. एका बोगद्यातून बाहेर पडलो आणि खिडकीतली झाडं एकदम पांढरी झाली. ठाण्याची मैत्रीण, तिला बूट नुकतेच मिळाले होते, स्टेशनवर सर्वांत आधी उतरली.