आधी बॅकअप, मग क्रांती: प्रायव्हसीच्या नादात या चुका टाळा

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत मी 'कंप्युटरवाला' आहे. म्हणजे शिक्षण भलतंच, नोकरी भलतीच, पण कुणाचं वायफाय बसलं, मेल उघडेना, फोनवर नको त्या जाहिराती दिसायला लागल्या की बेल आमच्याकडेच वाजते, तीही बहुतेक रविवारी दुपारी जेवण झाल्यावर. दहा-बारा वर्षं तेच तेच घोळ बघून आता वैताग आलाय, म्हणून एकदाच लिहून टाकतो, पुढच्या वेळी तोंड चालवायच्या ऐवजी हेच फॉरवर्ड करेन.

माझा सगळ्यात नावडता घोळ झेरॉक्सच्या दुकानातला. आधारची प्रिंट हवी असते, काउंटरवर नंबर चिकटवलेला असतो, "ह्याच्यावर व्हॉट्सॲप करा", केलं, दहा रुपये दिले, निघालो. आता माझीच गोष्ट. अॅडमिशनचे दिवस, दुकानात ही गर्दी, आणि माझी फाइल काही त्याला सापडेना. शेवटी त्याने वैतागून मॉनिटरच माझ्याकडे फिरवला, "तुम्हीच बघा साहेब कुठली ती." समोर डाउनलोड्सचं फोल्डर. मी आपला खाली खाली जातोय तर ते संपेचना. आधार, पॅन, भाडेकरार, पगाराची स्लिप, कुणाच्या तरी सोनोग्राफीचा रिपोर्ट, मधेच एक सत्यनारायणाचं आमंत्रण, आणि त्याच्या खाली चक्क आमच्याच बिल्डिंगमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं पासबुक. तारखा बघितल्या तर दोन-दोन वर्षांपूर्वीच्या. माणूस वाईट नव्हता हो, त्याला पुसायला फुरसत नाही एवढंच, पण त्याच मशीनवर दिवसभर तीन पोरं आळीपाळीने बसतात आणि येणारा-जाणारा आपला पेनड्राइव्ह त्यात खुपसतो.

यावर लोक म्हणतात, ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो ना. असतो की. तुमच्या नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मसाल. शेजाऱ्यालाही सांगता येईल असा. आणि वर दुकानदार विचारतो "पासवर्ड काय?" आणि आपण रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा खणखणीत सांगतो.

मी काय करतो, तर यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, साइटवरून मास्क्ड आधार उतरवतो, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चारच दिसतात. बऱ्याच ठिकाणी चालतं, काउंटरवरचा माणूस कुरकुरतो पण चालतं. गंमत म्हणजे मे २०२२ मध्ये यूआयडीएआयच्या बंगळुरू ऑफिसने स्वतःच पत्रक काढलं होतं की आधारची झेरॉक्स कुणालाही देत सुटू नका, मास्क्ड वापरा, आणि दोनच दिवसांत ते मागे घेतलं, का तर लोकांचा गैरसमज होईल. असो. झेरॉक्स द्यायचीच वेळ आली तर मी पेनने तिच्यावर आडवं लिहितो, 'फक्त गॅस कनेक्शनसाठी', खाली तारीख आणि सही. त्याने कायद्याचं कवच वगैरे मिळत नाही, पण तीच कॉपी दुसरीकडे खपवणाऱ्याची पंचाईत होते. आणि प्रिंट निघाली की तिथेच उभा राहून फाइल पुसायला लावतो, फोल्डरमधून, रिसायकल बिनमधून, चॅटमधूनसुद्धा. आपल्या फोनवरून 'डिलीट फॉर एव्हरीवन' केलं म्हणजे झालं असं समजू नका, मशीनवर उतरलेली फाइल तशीच राहते. मागची रांग चुळबुळ करते. करू दे. आधारचं बायोमेट्रिकही, म्हणजे बोटांचे ठसे वगैरे, लॉक करून ठेवा, घरबसल्या होतं.

आता थोडक्यात आटपतो. ब्राउझरच्या इन्कॉग्निटोने, म्हणजे हिस्टरी न ठेवणाऱ्या खिडकीने, फक्त तुमच्या घरच्यांपासून लपता येतं, साइटपासून नाही, ऑफिसच्या नेटवर्कपासून तर मुळीच नाही. ॲप अनइन्स्टॉल केलं म्हणजे अकाउंट बंद झालं नाही, आधी आत जाऊन अकाउंट उडवा, मग ॲप. टॉर्चच्या ॲपला कॉन्टॅक्ट्स कशाला लागतात हे स्वतःला एकदा विचारा. बिलिंग काउंटरवर "मोबाईल नंबर?" म्हटलं की तोंडातून आपोआप दहा आकडे पडतात, ते थांबवा, ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्येच दुकानदारांना कळवलंय की नंबरसाठी अडून बसू नका, मी सरळ "नाही देत" म्हणतो आणि बिल होतं.

फुकटचं व्हीपीएन, म्हणजे आपलं नेट दुसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरमधून फिरवणारं ॲप, हा एक वेगळाच विनोद आहे. आपल्या वायफायवाल्याला दिसू नये म्हणून आपला सगळा कारभार कुठल्या तरी अनोळखी कंपनीच्या हातात द्यायचा, जिचं पोट कशावर भरतं हे माहीत नाही. वर एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इनने, म्हणजे सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने, आदेश काढला की व्हीपीएनवाल्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपून ठेवायची, तेव्हा एक्स्प्रेस, नॉर्ड, सर्फशार्क अशा नावाजलेल्या कंपन्यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. ह्या सगळ्यांचे पैसे मोजावे लागतात, तुमच्या फुकटवाल्याने काय केलं ते तुम्हीच शोधा.

आणि "मला काय लपवायचंय?" हे वाक्य कृपा करून माझ्यासमोर नको. पालघर इथून किती लांब आहे? नोव्हेंबर २०१२ मध्ये तिथल्या दोन मुलींना अटक झाली, एकीने मुंबई बंदबद्दल फेसबुकवर पोस्ट टाकली आणि दुसरीने ती लाइक केली म्हणून. लपवायचं त्यांनाही काही नव्हतं. त्यांना लावलेलं आयटी कायद्याचं ६६अ कलम सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये रद्द केलं, आणि २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. कोर्टाने दिलेला हक्क आपण पाच टक्के डिस्काउंटसाठी सोडतो ती गोष्ट वेगळी.

आता दुसरा लाडका घोळ. एका रात्रीत क्रांती करणारे.

माझा मावसभाऊ भांडुपला राहतो, हुशार आहे पण धीर नावाला नाही. गणपतीच्या सुट्टीत त्याने कुठेतरी तीन-चार व्हिडिओ बघितले आणि ठरवलं की आता फोनमधून गुगल हद्दपार. राग चुकीचा नव्हता, सीसीआयने, म्हणजे बाजारातल्या स्पर्धेवर नजर ठेवणाऱ्या सरकारी आयोगाने, ऑक्टोबर २०२२ मध्ये गुगलला १,३३७.७६ कोटींचा दंड ठोकला तो अँड्रॉइडवरच्या दादागिरीबद्दलच. पण ह्या पठ्ठ्याने रात्री अकराला बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचं कुलूप, अनलॉक केला, फोन पुसला, कस्टम रॉम, म्हणजे कंपनीच्या ऐवजी बाहेरच्यांनी बनवलेलं अँड्रॉइड, टाकली आणि दोन वाजता मला फोटो पाठवला, "मुक्त झालो." मी झोपलो होतो.

सकाळी बँकेचं ॲप उघडेना. असल्या फोनवर बरीचशी बँकेची ॲप्स आधी फोनची तपासणी करतात आणि बूटलोडर उघडा दिसला की चालायलाच नकार देतात. फोन आपला, पैसे आपले, पण आपल्याच फोनात आपण काय टाकायचं हे तिसराच ठरवणार, ह्याचा मलाही संताप आहे, फक्त सोमवारी सकाळी आठच्या लोकलमध्ये त्या संतापाचा काही उपयोग नसतो. कारण त्याचा महिन्याचा पास मोबाइलवर होता, फोन पुसल्यावर तोही दिसेना, दादरच्या पुलावर टीसीने धरलं, भाडं अधिक अडीचशे दंड, आणि यूपीआय बंद, खिशात रोख ऐंशी रुपये. मी परळहून जाऊन सोडवला.

खरी गोची पुढे होती. कामाचा मेल भलत्याच एका कंपनीकडे, त्याला टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड, लावलेलं, आणि कोड देणारं ऑथेंटिकेटर ॲप होतं त्याच पुसलेल्या फोनात. रिकव्हरीला दिलेला नंबर कॉलेजच्या वेळचा, कधीच बंद पडलेला. बंद पडलेला नंबर काही दिवसांनी कंपनी दुसऱ्याला देऊन टाकते, म्हणजे ह्याचा ओटीपी आता कुणा परक्याच्या फोनवर टुंग करणार. फॉर्म भरला, उत्तर मशीनने दिलं, परत भरला, परत तेच. बँकेत निदान मॅनेजरच्या केबिनबाहेर ठिय्या मारता येतो, इथे भांडायला समोर माणूसच नाही. अकरा दिवसांनी मावशीच्या जुन्या लॅपटॉपवर तो मेल लॉगिन असलेला सापडला, निव्वळ नशीब. त्या लॅपटॉपवर मावशी भजनं ऐकते.

त्यामुळे माझी पद्धत आळशी माणसाची आहे. महिन्याला एकच गोष्ट बदलायची. एक महिना ब्राउझर, पुढचा महिना मेल, आणि नवीन नीट चालतंय हे दिसेपर्यंत जुनं बंद करायचं नाही. प्रयोग करायचा तर जुन्या, ड्रॉवरमधल्या फोनवर. टू-स्टेप लावलं की त्याच बैठकीत बॅकअप कोड कागदावर उतरवायचे, गुगल आठ आकडी दहा कोड देतं, माझे रेशनकार्डाच्या डब्यात आहेत आणि बायकोला तो डबा माहीत आहे. नंबर बदलला की त्याच दिवशी सगळीकडे रिकव्हरीचा नंबर बदलायचा, "नंतर करतो" म्हणणाऱ्यांनी माझी बेल वाजवू नये. व्हॉट्सॲपच्या चॅट बॅकअपचं एन्क्रिप्शन वेगळं चालू करावं लागतं, चॅट सुरक्षित म्हणजे बॅकअपही सुरक्षित असं नाही. पण तो पासवर्ड विसरलात आणि फोनही गेला तर व्हॉट्सॲपही काही करू शकत नाही, तेव्हा तोही डब्यात.

परवा मावसभावाचा मेसेज आला. विंडोज १० चा सपोर्ट संपला ना, आज रात्री लॅपटॉपवर विंडोजच्या जागी लिनक्स टाकतोय म्हणे. मी विचारलं, बॅकअप घेतलास? दोन निळ्या टिक आल्यात. उत्तर अजून नाही.