नवीन सॉल्टवॉटर टँकमध्ये शेवाळ आलंय? आधी पाणी तपासा

टँक सेट करून दोन-तीन आठवडे झाले की पांढऱ्या वाळूवर तपकिरी थर चढायला लागतो आणि लोक घाबरून शेवाळ मारायची बाटली घेऊन येतात. ती बाटली नको. हे डायटम, म्हणजे सूक्ष्म तपकिरी शेवाळ आहेत, पाण्यातून आणि नव्या वाळूतून आलेल्या सिलिकेट या खनिजावर वाढतात, आणि सिलिकेट संपत आलं की बहुतेक टँकमध्ये काही आठवड्यांत आपोआप जातात. काच मॅग्नेटने पुसायची, वाळू वरवर ढवळायची, बस.

खरा त्रास त्यानंतरच्या हिरव्या केसाळ शेवाळाचा. त्याला लागतं नायट्रेट, फॉस्फेट आणि लाइट. आपल्या ठाणे-नवी मुंबईत माझा पहिला संशय पाण्यावरच असतो. नळाचं पाणी मोरबे धरणाचं असो की भातसाचं, प्यायला ठीक, पण सॉल्ट मिक्स करायला नाही चालत. बरेच जण म्हणतात आम्ही आरओचंच टाकतो, पण तो किचनमधला आरओ असतो, त्यात बऱ्याचदा चवीसाठी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो आणि तो थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळतो. टीडीएस मीटर बुडवून बघा, तीस-चाळीस किंवा जास्तच दिसेल. आपल्याला शून्य पाहिजे, त्यासाठी आरओच्या पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषून घेणारे दाणे) लावायचं आणि आकडा वर सरकायला लागला की रेझिन बदलायचं. खाडीचं पाणी फुकट मिळतं म्हणून आणायचा विचारही करू नका, त्यात शहराचं सांडपाणी असतं.

आणि एप्रिल-मे मध्ये टँक थंड ठेवायला पंखा लावला की पाणी भराभर उडतं, पण मीठ आणि फॉस्फेट उडत नाही, ते आतच राहतं. मग रोज वरून नळाचं पाणी ओतलं तर रोज नवीन फॉस्फेट आत गेलं! म्हणून टॉपअपलाही (उडालेल्या पाण्याची भर घालायलाही) डीआयचंच, आणि तेही बिनमिठाचं.

टेस्ट किटवर शून्य आलं म्हणून निर्धास्त होऊ नका, रॉकवर जंगल माजलेलं असताना शून्य येतं कारण शेवाळ सगळं खाऊन बसलेलं असतं. ते हाताने उपटून टँकबाहेर काढणं हाच सगळ्यात चांगला उपाय आहे, कारण खाल्लेलं फॉस्फेटही त्याच्याबरोबर बाहेर जातं. वॉटर चेंजचं काढलेलं पाणी बादलीत घ्या, रॉक त्यात धरून जुन्या टूथब्रशने मुळापासून घासा, त्याच पाण्यात हलवून परत ठेवा. नळाखाली अजिबात धरू नका, रॉकमधले बॅक्टेरिया मरतात आणि सायकल, म्हणजे त्यांनी विषारी अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करायची क्रिया, परत बिघडते.

लाइट सहा ते आठ तास, टायमरवर. टँक बाल्कनीच्या उन्हात नको. फ्रोझन फूड चहाच्या गाळणीत डीआयच्या पाण्याने धुऊन मगच टाका, त्या वितळलेल्या पाण्यातही फॉस्फेट असतं. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदला. नायट्रेट 5 ते 10 पीपीएम आणि फॉस्फेट 0.03 ते 0.1 च्या आसपास राहिलं की पुरे.

नायट्रेट-फॉस्फेट शून्य करायच्या मागे मात्र लागू नका. दोन्ही शून्य झाले की डायनो (डायनोफ्लॅजेलेट हे सूक्ष्म जीव) येण्याची भीती असते, शेंबडासारखे तपकिरी धागे, टोकाला बुडबुडे, रात्री कमी आणि लाइट लागला की परत. तिथे पाणी बदलून उलट वाढतात, त्यामुळे वॉटर चेंज थांबवून न्यूट्रियंट, म्हणजे नायट्रेट-फॉस्फेट, थोडे वर आणावे लागतात. लाल-जांभळी साय आली तर ते सायनो (सायनोबॅक्टेरिया), ते पातळ नळीने सायफन करा आणि त्या कोपऱ्यात वेव्हमेकरचा (पाणी फिरवणाऱ्या पंपाचा) फ्लो वाढवा.

शेवाळ खाणारे टर्बो किंवा ट्रोकस स्नेल (गोगलगायी) आणायचे तर सायकल पूर्ण झाल्यावर, अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसल्यावरच. थोडेच आणा, खायला कमी पडलं तर उपाशी मरतात बिचारे आणि मेलेला स्नेल परत अमोनिया वाढवतो. टँकमध्ये सोडताना तासभर ड्रिप करा, म्हणजे त्यांच्या पाण्यात टँकचं पाणी थेंब थेंब टाका, सॅलिनिटीचा (खारटपणातल्या फरकाचा) झटका त्यांना झेपत नाही.