रोजचं दुखणं: घड्याळ लावून दिवस कसा आखावा

तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या दुखण्याला डॉक्टर दीर्घकालीन वेदना म्हणतात. त्यात बऱ्याचदा जखम कधीच भरून आलेली असते, पण मज्जासंस्था धोक्याची सूचना देत राहते. मग साधं वाकलं तरी कळ येते. एमआरआयमध्ये काही सापडत नाही आणि ‘रिपोर्ट तर चांगला आहे’ हे ऐकून माणूस खचतो. रिपोर्ट चांगला असला तरी दुखणं खरंच असतं. याच्या उलटही घडतं: कधीच पाठ न दुखलेल्या अनेकांच्या एमआरआयमध्ये मणक्यांमधल्या चकत्या फुगलेल्या दिसतात.

काही लक्षणं मात्र थांबू देत नाहीत. लघवी अडणं किंवा तिच्यावरचा ताबा जाणं, दोन्ही मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं, पायातली ताकद कमी होत जाणं, यापैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. दुखण्यासोबत ताप असेल किंवा वजन विनाकारण घटत असेल, तरी तपासणी लांबवू नका.

सुरुवात वहीपासून करा. सात दिवस, दिवसातून तीनदा लिहा: काय करत होतो, किती मिनिटं, दुखणं 0 ते 10 पैकी किती, रात्री झोप किती लागली, कोणतं औषध घेतलं. दर तासाला आकडा लिहायला जाऊ नका, त्याने लक्ष दुखण्यावरच खिळून राहतं.

आता मुख्य काम. एखादी रोजची गोष्ट निवडा, समजा ओट्याशी उभं राहणं. दुखणं वाढेपर्यंत किती वेळ उभं राहता येतं ते तीन दिवस मोजा. 20, 10 आणि 15 मिनिटं आली, तर सरासरी 15. त्यातून पाचवा हिस्सा वजा करा, राहिली 12. उद्यापासून 12 मिनिटांचा गजर लावायचा आणि तो वाजला की बसायचं. भाजी अर्धी चिरलेली असली तरी, आणि काहीच दुखत नसलं तरी. पाच मिनिटं बसून पुन्हा उठायचं. आठवडाभर हे जमलं की एक मिनिट वाढवा.

काहीच दुखत नसताना थांबणं सगळ्यांत अवघड जातं आणि गाडी नेमकी तिथेच घसरते. बरं वाटलं की ‘आजच उरकून टाकू’ म्हणून पूर्ण कपाट रिकामं केलं जातं, मग दोन दिवस अंथरूण. त्या दोन दिवसांत स्नायू आखडतात, पुढच्या वेळी आधीपेक्षा कमी झेपतं आणि दर फेरीला दिवस आणखी आकसतो. म्हणून कधी थांबायचं हे दुखण्यावर सोडू नका, घड्याळावर सोडा. तरीही एखाद्या दिवशी दुखणं उसळलंच, तर वेळ निम्मी करा, पण शून्यावर आणू नका. दोन-तीन दिवसांनी हळूहळू जुन्या वेळेवर या.

औषधांमध्ये घोटाळे फार होतात. पॅरासिटामॉलची प्रौढांसाठी 24 तासांतली कमाल मर्यादा 4 ग्रॅम, म्हणजे 500 मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या. यकृताचा आजार, कमी वजन किंवा दारूची सवय असेल तर मर्यादा याहून खाली येते. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, तेही हिशोबात धरा. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक एकत्र घेऊ नका. दुखणं दुप्पट कमी होत नाही, पण पोटात व्रण आणि मूत्रपिंडावर ताण यांचा धोका वाढतो. डोकेदुखीसाठी साधी वेदनाशामकं महिन्यात 15 किंवा जास्त दिवस अशी काही महिने घेतली, तर त्या गोळ्याच डोकं दुखवू लागतात.

नसांच्या दुखण्यावर अमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलोक्सेटिन दिलं जातं. ही नैराश्यावरही चालतात, त्यामुळे माहितीपत्रक वाचून ‘डॉक्टरांना माझं दुखणं मनाचं वाटतं’ असा समज होतो. तसं नाही. हीच औषधं मज्जासंस्थेतले वेदनेचे संदेशही दाबतात. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, पण तोंड कोरडं पडणं, गुंगी, मळमळ हे त्रास पहिल्याच दिवसांत जाणवतात, म्हणून बरेच जण फायदा दिसण्याआधीच गोळी सोडतात. त्रास होत असेल तर डोस बदलून घ्या. मनाने एकदम बंद करू नका.

डॉक्टरांकडे जाताना वही सोबत न्या. ‘खूप दुखतं’ यावरून उपचार ठरवता येत नाही. ‘खुर्चीत दहा मिनिटांवर बसवत नाही, रात्री दोनदा जाग येते’ यावरून ठरवता येतो. उद्दिष्टही असंच सांगा: अर्धा तास बसून जेवायचं आहे. दुखणं शून्यावर येईल ही अपेक्षा धरली, तर चांगला लागू पडलेला उपचारही फसल्यासारखा वाटतो. वेदनेच्या उपचारांत 30 टक्के घट ही मोलाची मानतात.

घरच्यांनाही एक सांगून ठेवा. ‘आज दुखतंय का?’ असं दिवसातून चारदा विचारण्यापेक्षा गजर वाजल्यावर हातातली सुरी काढून घेतली, तर जास्त मदत होते.